मृत्यूनंतर रॅपरची कीर्ती फुगते का? एका दाव्याची तपासणी

१. प्रस्तावना

'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. जे गेले त्याचे गुण वाढवून सांगायचे, ही माणसाची जुनी सवय. रॅप संगीताच्या श्रोत्यांमध्ये हाच वाद वेगळ्या शब्दांत चालतो. टुपाक शकूर २५ व्या वर्षी गेला नसता तर त्याला आज इतके थोर मानले असते का? नोटोरियस बी.आय.जी. उर्फ बिगी जगला असता तर सर्वश्रेष्ठांच्या यादीत त्याचे नाव इतके वर राहिले असते का? वसतिगृहाच्या खोलीत हा वाद रात्रभर रंगतो आणि सकाळी जिथून सुरू झाला तिथेच संपतो.

वाद संपत नाही याचे कारण रॅप नव्हे. दावा तपासता येईल अशा रूपात मांडलेलाच नसतो, हे खरे कारण आहे. या पाठात आपण तो तसा मांडणार आहोत. मी अभियांत्रिकीचा शिक्षक असल्याने काही शब्द प्रयोगशाळेतले येतील, पण पाठ कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समजावा असा आहे.

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:
• 'कीर्ती' या सैल शब्दाचे मोजता येणारे भाग पाडणे.
• 'आधी आणि नंतर' अशा तुलनेतील धोके ओळखणे.
• तुलना गट का लागतो, ते उदाहरणाने सांगणे.
• वाढलेली किंमत आणि फुगलेली किंमत यांतील फरक स्पष्ट करणे.

२. आधी शब्द ठरवू

कीर्ती ही एक राशी नाही. तिच्यात किमान तीन राशी मिसळलेल्या असतात.

(अ) लक्ष: किती लोक आज त्या कलावंताविषयी बोलत, शोधत, ऐकत आहेत.
(आ) विक्री: अल्बम आणि गाण्यांची खरेदी, स्ट्रीमिंग, यादीतील क्रमांक.
(इ) प्रतिष्ठा: जाणकार समीक्षक, इतर रॅपर आणि दीर्घकाळचे श्रोते त्याच्या कामाला जी जागा देतात ती.

'फुगली' हा शब्दही तपासू. मृत्यूनंतर प्रतिष्ठा वाढली एवढ्याने ती फुगली असे होत नाही. आधी दुर्लक्षित राहिलेल्या कामाकडे मृत्यूमुळे लक्ष गेले आणि त्याला योग्य जागा मिळाली, तर ते पुनर्मूल्यांकन झाले. फुगवटा तेव्हाच म्हणायचा, जेव्हा कामात काहीही नवे दिसलेले नसताना केवळ मृत्यूमुळे जागा वर सरकते. हा फरक डोळ्यांसमोर ठेवला नाही तर पुढचे सगळे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येते.

३. क्षणिक प्रतिसाद आणि स्थिर अवस्था

एखाद्या यंत्रणेला अचानक धक्का दिला की तिचा प्रतिसाद आधी उसळतो आणि मग काही काळाने एका पातळीवर स्थिरावतो. उसळीला क्षणिक प्रतिसाद आणि शेवटच्या पातळीला स्थिर अवस्था म्हणतात. मृत्यूची बातमी हा असाच धक्का आहे.

फ्लोरिडाचा रॅपर एक्सएक्सएक्सटेंटासिऑन १८ जून २०१८ रोजी वयाच्या २० व्या वर्षी गोळीबारात मारला गेला. त्याचे 'सॅड!' हे गाणे त्या वेळी बिलबोर्ड हॉट १०० यादीत ५२ व्या क्रमांकावर होते. मृत्यूनंतर ते थेट पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या हयातीत या गाण्याने गाठलेला सर्वोच्च क्रमांक ७ होता. पहिला क्रमांक मात्र एकच आठवडा टिकला. एका आठवड्यात गाणे बदलले नव्हते, बदलली होती बातमी. हा लक्ष आणि विक्री यांचा क्षणिक प्रतिसाद आहे. त्यावरून प्रतिष्ठेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

एमएफ डूमचे प्रकरण आणखी बोलके आहे. तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजी वारला, पण ती बातमी कुटुंबाने ३१ डिसेंबरला जाहीर केली. मधले दोन महिने जगाच्या दृष्टीने तो जिवंत होता. आदरांजलीचा पूर आला तो ३१ डिसेंबरनंतर. निसर्गानेच आपल्यासाठी एक प्रयोग करून ठेवला: मृत्यू आणि मृत्यूची बातमी या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि परिणाम बातमीचा आहे हे दिसले. दुसरी गोष्टही लक्षात घ्या. मॅडलिबबरोबर केलेला त्याचा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम २००४ मध्येच समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. बातमीने त्याची प्रतिष्ठा घडवली नाही, आधीपासून असलेल्या प्रतिष्ठेला आवाज मिळवून दिला.

४. आधारपातळी: टुपाक आणि बिगी मृत्यूपूर्वी कुठे होते?

'नंतर'चा आकडा बघण्यापूर्वी 'आधी'चा आकडा बघायचा, हा मोजमापाचा पहिला नियम आहे.

टुपाकवर ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगास येथे गोळीबार झाला आणि १३ सप्टेंबरला तो मरण पावला. त्याच्या तीन अल्बमची पहिल्या आठवड्यातील अमेरिकेतील विक्री अशी:

• 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड', मार्च १९९५ (हयातीत): सुमारे २,४०,०००
• 'ऑल आईज ऑन मी', फेब्रुवारी १९९६ (हयातीत): सुमारे ५,६६,०००
• 'द डॉन किलुमिनाटी: द सेव्हन डे थिअरी', नोव्हेंबर १९९६ (मरणोत्तर): सुमारे ६,६४,०००

तिन्ही अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पहिला अल्बम तर टुपाक तुरुंगात असताना पहिला आला. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाढ सुमारे १३६ टक्के आहे आणि ती तो जिवंत असतानाची आहे. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतची, म्हणजे मृत्यूच्या आरपारची वाढ सुमारे १७ टक्के आहे. फक्त शेवटचे दोन आकडे पाहणारा म्हणेल, 'मृत्यूने विक्री वाढवली.' तिन्ही आकडे पाहणारा म्हणेल, 'आलेख आधीपासूनच चढता होता, त्यातला मृत्यूचा वाटा किती हे वेगळे काढावे लागेल.' शिवाय दुसरा अल्बम दोन डिस्कचा आणि म्हणून महाग होता. ही तुलनाही सरळ नाही.

बिगीची हत्या ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाली. तो २४ वर्षांचा होता. दुसरा अल्बम 'लाइफ आफ्टर डेथ' तयार होता आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी तो त्या शहरात आला होता. अल्बम २५ मार्चला, म्हणजे १६ दिवसांनी आला. त्याआधीचा 'रेडी टू डाय' (१९९४) यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत पोचला होता. 'लाइफ आफ्टर डेथ' पहिला आला आणि त्यातली 'हिप्नोटाइज' व 'मो मनी मो प्रॉब्लेम्स' ही दोन गाणी हॉट १०० मध्ये अव्वल ठरली. इथे उडी मोठी आहे. मृत्यूचा वाटा टुपाकपेक्षा अधिक असण्याची शक्यता मान्य करायला हवी. पण 'रेडी टू डाय'ने त्याला आधीच प्लॅटिनम विक्रीचा कलावंत केले होते, हेही त्याच वहीत लिहायला हवे.

मोजपट्टीविषयी एक सावधगिरी. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना शंभर मिनिटांहून मोठ्या दोन डिस्कच्या अल्बमची एक प्रत प्रमाणपत्रासाठी दोन म्हणून मोजते. 'ऑल आईज ऑन मी' आणि 'लाइफ आफ्टर डेथ' हे दोन्ही तसेच अल्बम आहेत आणि दोघांनाही एक कोटीचे, म्हणजे 'डायमंड' प्रमाणपत्र आहे. विकलेले संच त्याच्या निम्म्याच्या आसपास धरायचे. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डच्या अल्बम यादीत स्ट्रीमिंगही धरले जाते, त्यामुळे १९९७ चे आणि २०२० चे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे मीटर आणि फूट यांची बेरीज करणे होय.

५. तुलना गट: जे जिवंत राहिले त्यांचे काय झाले?

मृत्यूनंतर प्रतिष्ठा वाढली असे दिसले, तरी ती काळामुळेही वाढलेली असू शकते. जुने अल्बम वीस वर्षांनी आवडीने आठवले जातात, मग कर्ता जिवंत असो वा नसो. हे वेगळे काढण्यासाठी त्याच काळातले, त्याच शहरातले, पण जिवंत राहिलेले रॅपर घ्यायचे. बिगीसाठी असा गट सहज सापडतो: न्यूयॉर्कचे नास आणि जे-झी.

'द सोर्स' हे मासिक अल्बमना पाचपैकी 'माइक' देत असे. नासच्या 'इलमॅटिक'ला १९९४ मध्ये पाचपैकी पाच मिळाले. बिगीच्या 'रेडी टू डाय'ला साडेचार आणि जे-झीच्या 'रीझनेबल डाउट'ला (१९९६) चार. पुढे या मासिकाने जुन्या अल्बमचा फेरविचार केला तेव्हा 'रेडी टू डाय'चे पाच झाले, आणि 'रीझनेबल डाउट'चेही पाच झाले. मृताला अर्धा माइक जास्त मिळाला, जिवंताला एक. केवळ बिगीचा आकडा पाहिला असता तर आपण फुगवटा म्हणून मोकळे झालो असतो.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या ध्वनिमुद्रणाला २५ वर्षे झाल्यावर पात्रता येते. टुपाकचा समावेश २०१७ मध्ये पात्रतेच्या पहिल्याच वर्षी झाला. जिवंत जे-झीचाही २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी झाला. बिगीचा समावेश २०२० मध्ये झाला.

ग्रॅमी पुरस्कारांचा दाखला तर दाव्याच्या उलट जातो. टुपाक आणि बिगी दोघांनाही ना हयातीत ना मृत्यूनंतर ग्रॅमी मिळाला. फेब्रुवारी २०१९ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमसाठी मॅक मिलरच्या 'स्विमिंग'ला नामांकन होते. मॅक मिलर सप्टेंबर २०१८ मध्ये, अल्बम आल्यानंतर पाचच आठवड्यांनी, वयाच्या २६ व्या वर्षी गेला होता. पुरस्कार कार्डी बीला मिळाला. त्याच यादीत निप्सी हसलचा 'व्हिक्टरी लॅप'ही होता आणि निप्सी त्या वेळी जिवंत होता. सात आठवड्यांनी, ३१ मार्च २०१९ रोजी, लॉस एंजेलिसमधील त्याच्याच दुकानाबाहेर त्याची हत्या झाली. जानेवारी २०२० मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. एकाच वर्षाच्या अंतराने दोन विरुद्ध निकाल. मृत्यू पारडे झुकवू शकतो, पण झुकवतोच असे नाही.

६. गोठलेली कारकीर्द: साध्या अंकगणिताचा खेळ

आता फुगवट्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. दोन काल्पनिक रॅपर समजा. दोघांच्या पहिल्या तीन अल्बमना दहापैकी ७, ८ आणि ९ गुण आहेत. पहिला इथेच मरण पावतो. दुसरा आणखी तीन अल्बम काढतो आणि त्यांना ६, ७, ५ गुण मिळतात.

पहिल्याची सरासरी = (७+८+९) ÷ ३ = ८
दुसऱ्याची सरासरी = (७+८+९+६+७+५) ÷ ६ = ७

दोघांची कमाल कामगिरी सारखीच, ९. तरीही सरासरीने पहिला श्रेष्ठ ठरतो. त्याने काही जास्त केले म्हणून नव्हे, तर उतरण्याची संधीच त्याला मिळाली नाही म्हणून. जगणाऱ्या कलावंताला फसलेले अल्बम, विचित्र मुलाखती, वाढते वय आणि बदलती फॅशन या सगळ्यांतून जावे लागते. मृताचा आलेख शिखरावर किंवा शिखराच्या वाटेवर कापला जातो, आणि कापलेली रेघ आपण मनाने वरच्या दिशेने वाढवतो. 'तो जगला असता तर काय काय केले असते' हे वाक्य म्हणजे पुरेशा आधाराशिवाय केलेले बहिर्वेशन आहे.

उपाय सोपा आहे: समान अवधीची तुलना करा. बिगीचे दोन अल्बम नासच्या सगळ्या कारकिर्दीशी न ताडता नासच्या पहिल्या दोन अल्बमशी ताडा. टुपाकच्या पाच वर्षांची तुलना इतरांच्या पहिल्या पाच वर्षांशी करा. अशी तुलना केली तरी या दोघांचे स्थान ढासळत नाही. त्यांना अजिंक्य ठरवणारी भाषा मात्र सौम्य करावी लागते.

७. मरणोत्तर अल्बमांचा पुरावा

मरणोत्तर अल्बम दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कलावंताने स्वतः काम पूर्ण केलेले असते, जसे 'लाइफ आफ्टर डेथ'. दुसऱ्या प्रकारात मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर इतर लोक नवे संगीत आणि नवे पाहुणे जोडतात. बिगीच्या नावाचा 'बॉर्न अगेन' (१९९९), एमिनेमने निर्मिती केलेला टुपाकचा 'लॉयल टू द गेम' (२००४), आणि २० व्या वर्षी मारल्या गेलेल्या पॉप स्मोकचा 'फेथ' (२०२१) हे दुसऱ्या प्रकारातले.

हे तिन्ही बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर आले. पण श्रेष्ठ रॅप अल्बमविषयी बोलताना जाणकार त्यांची नावे घेत नाहीत, 'रेडी टू डाय' आणि 'ऑल आईज ऑन मी'ची घेतात. मृत्यूमुळे प्रतिष्ठा आपोआप फुगत असती, तर ती याच अल्बमांत सर्वांत आधी दिसायला हवी होती. दिसते ती फक्त विक्री. विक्री आणि प्रतिष्ठा या वेगळ्या राशी आहेत हे या तीन उदाहरणांतून जितके स्वच्छ कळते तितके कुठेच कळत नाही.

याच्या उलट बाजूला हार्लेमचा बिग एल आहे. त्याचा 'लाइफस्टाइल्झ ऑव्ह दा पूअर अँड डेंजरस' १९९५ मध्ये यादीत १४९ वा आला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये २४ व्या वर्षी त्याची हत्या झाली. २००० मध्ये आलेला 'द बिग पिक्चर' १३ वा आला. आज यमक आणि शब्दखेळ शिकू पाहणारे रॅपर त्याचे १९९५ चे काम ऐकतात. ते काम तेव्हाही तसेच होते, फक्त ऐकणारे कमी होते. हा फुगवटा नाही, उशिरा फेडलेले ऋण आहे. ते फेडायला मृत्यू लागला, ही यातली खंत.

८. भारतातील दोन उदाहरणे

पंजाबी रॅपर-गायक सिद्धू मूसेवाला याची २९ मे २०२२ रोजी पंजाबच्या मानसा जिल्ह्यात हत्या झाली. तो २८ वर्षांचा होता. त्यानंतर २०२१ मधील 'मूसटेप' अल्बममधले त्याचे '२९५' हे गाणे बिलबोर्डच्या ग्लोबल २०० यादीत आले. इथेही आधारपातळी बघा: २०१८ चा 'पीबीएक्स १' हा अल्बम कॅनडाच्या बिलबोर्ड यादीत त्याच्या हयातीतच आला होता. बदल दिसतो तो चर्चेच्या स्वरात. त्याच्या गाण्यांत बंदुकांचे उदात्तीकरण होते म्हणून टीका होत असे, २०२० मध्ये त्याच्यावर गुन्हेही नोंदवले गेले होते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत मानसाच्या मतदारांनी त्याला पाडले होते. मृत्यूनंतर यांतले बरेच काही बोलण्यातून गळून गेले.

त्याच वर्षी २० मार्चला मुंबईतील 'स्वदेसी' या बहुभाषिक गटातला, गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २४ व्या वर्षी गेला. 'गली बॉय'च्या संगीतात त्याचा आवाज आहे. कलावंतांनी हळहळ व्यक्त केली, पण मूसेवालासारखी लाट उठली नाही. मृत्यू ही स्वतः ऊर्जा नाही, तो गुणक आहे. आधीचा श्रोतृवर्ग मोठा असेल तर गुणाकार मोठा दिसतो. किती गुणी तरुण गेले आणि त्यांची 'कीर्ती' कुठेच नोंदली गेली नाही, हे आपल्या उदाहरणांत कधी येत नाही, कारण आपण नावे माहीत असलेल्यांचीच उदाहरणे घेतो. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

९. फुगवटा नक्की कुठे असतो?

मानसशास्त्रात 'मृत व्यक्तीविषयी अनुकूल मत होण्याचा कल' हा अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडेही गेलेल्याविषयी वाईट बोलू नये असा संकेत आहे. शोकसभेत तो योग्यच. पण तो संकेत कायमचा झाला की नोंद बिघडते. एक्सएक्सएक्सटेंटासिऑन वारला तेव्हा त्याच्यावर पूर्वीच्या जोडीदाराला मारहाण केल्याचे गंभीर आरोप प्रलंबित होते. मृत्यूमुळे खटला पुढे गेलाच नाही. आरोप सिद्ध झाले नाहीत हे खरे, पण ते खोटेही ठरले नाहीत. गाणे पहिल्या क्रमांकावर जाते तेव्हा त्या तक्रारदार स्त्रीची बाजू यादीत कुठे दिसत नाही. फुगवटा सर्वाधिक असतो तो कलावंताच्या कौशल्याविषयी नव्हे, तर त्याच्या चारित्र्याविषयी.

रॅपमध्ये हे अधिक तीव्र होते, कारण गाणाऱ्याने सांगितलेले आयुष्य खरे असावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मृत्यूविषयी गाणारा तरुण खरोखर मारला गेला की श्रोत्याला त्या गाण्यांवर शिक्का बसल्यासारखे वाटते. 'रेडी टू डाय' हे शीर्षक १९९४ मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाने निवडले होते. ते भाकीत नव्हते. हत्येला कलेची पूर्तता मानणे हा तर्कदोष आहेच, शिवाय त्यात एक क्रूरपणाही आहे. या पाठातील बहुतेक कलावंत तिशीच्या आत गेले. त्यांचे न झालेले काम हा निव्वळ तोटा आहे, दंतकथेची किंमत नव्हे.

१०. सारांश

• लक्ष आणि विक्री मृत्यूच्या बातमीनंतर उसळतात. ही उसळी बहुतांशी क्षणिक असते आणि आधीच्या प्रसिद्धीच्या प्रमाणात असते.
• प्रतिष्ठा शून्यातून निर्माण होत नाही. टुपाक, बिगी आणि डूम यांची जागा हयातीतच तयार झाली होती.
• जिवंत समकालीनांशी तुलना केल्यावर वाढीचा बराच भाग काळाचा ठरतो, मृत्यूचा नाही.
• खरा फुगवटा दोन ठिकाणी आहे: गोठलेल्या कारकिर्दीमुळे क्रमवारीत, आणि मौनामुळे चारित्र्याच्या नोंदीत.
• काहींच्या बाबतीत, उदाहरणार्थ बिग एल, वाढ ही योग्य पुनर्मूल्यांकन असते.

११. स्वाध्याय

१) लक्ष, विक्री आणि प्रतिष्ठा यांतील फरक या पाठात नसलेल्या एका कलावंताच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२) कलम ४ मधील टुपाकच्या तीन आकड्यांपैकी पहिला वगळला तर निष्कर्ष कसा बदलतो? का?
३) कलम ६ मधील दुसऱ्या रॅपरने शेवटचे तीन अल्बम ९, ९, १० गुणांचे काढले असते तर सरासरी किती आली असती? त्यावरून गोठलेल्या कारकिर्दीचा नेहमी फायदाच होतो का, ते सांगा.
४) तुमच्या भाषेतील अकाली गेलेला एखादा कवी, गायक किंवा नट निवडा. त्याच्यासाठी जिवंत राहिलेल्या समकालीनांचा तुलना गट तयार करा आणि निवडीचे निकष लिहा.
५) आज हयात असलेला, पण तुमच्या मते दुर्लक्षित असा एक रॅपर निवडून त्याच्या कामाचे २०० शब्दांत मूल्यमापन करा. हे ऋण त्याच्या हयातीतच फेडता येते.